म्हातारीचा दस्ता

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सुनेनं वर्कशॉपच्या मोठ्या टेबलावर जुना पेपर अंथरला आणि त्यावर एक स्प्रिंग आणून ठेवली. गंजलेली, काळ्या चिकट मळानं माखलेली. तिच्या शेजारी पुडक्यातून काढलेली एक नवी कोरी स्प्रिंग ठेवली आणि दोन्हींना लागून स्टीलची पट्टी. नवी चाळीस सेंटिमीटर भरत होती, जुनी चौतीस.

"ही कुठली?" आबांनी विचारलं. खरं तर त्यांना कळलं होतं. पन्नास वर्षं बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला न कळायला काय झालं?

"विमानतळाच्या बंदुकीची. दस्त्यातली."

"दस्ता उघडलास?"

"उघडला."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा या मुलीला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हेही ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्याला, थोरल्याला, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला आवडायचं, हात काळे करायला नाही. हिचं उलटं. आबांनी पोटच्या पोराला शिकवलं नसेल इतकं मन लावून तिला शिकवलं. म्हणून तिचं हे वागणं त्यांना जास्तच लागलं.

कारण या दुकानात सगळं उघडायची मुभा होती, फक्त सेमी-ऑटोमॅटिकचा दस्ता सोडून. नळी धुवा, पिस्टन घासा, काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट काढून रॉकेलमध्ये बुडवा, पण खांद्याला टेकतो तो दस्ता आणि त्यातली बोल्टला पुन्हा पुढे ढकलणारी लांब स्प्रिंग यांना हात लावायचा नाही. तरुणपणी अर्धवट कारागिरांनी नासवलेल्या इतक्या बंदुका आबांनी बघितल्या होत्या की चालत्या यंत्राला हात लावणारा आणि झोपलेल्या बाळाला उठवणारा यांना ते एकाच माळेचे मणी मानत. आणि त्यांच्याकडे पुरावा होता. काउंटरमागच्या काचेच्या कपाटात 'म्हातारी' उभी असायची. सव्वीस वर्षांची सेमी-ऑटोमॅटिक, आजही दर रविवारी सकाळी नेमबाजीच्या मैदानावर जाणारी. दुकानाच्या पाटीवर नावाखाली रंगवलेलं होतं: 'दस्त्याला हात न लावता वर्षानुवर्षं!' आकडा बदलायला रंगाऱ्याला दर वर्षी बोलवायला नको, म्हणून वर्षानुवर्षं.

"आबा, विमानतळाचे साहेब आज चार वाजता तुमचं पत्र न्यायला येणार आहेत," सून म्हणाली. "मामांचं काय व्हायचं ते त्या पत्रावर आहे. म्हणून दस्ता उघडला."

मामा म्हणजे विमानतळाच्या पक्षी-पथकातला बंदूकवाला. धावपट्टीवरून पाखरं उठवणं हे त्याचं काम. सतरा वर्षांची नोकरी, पथकातले सगळेच त्याला मामा म्हणत, म्हणून दुकानातही मामा. दर वर्षी पथकाच्या नऊ बंदुका तोच घेऊन यायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत स्टुलावर बसून राहायचा, दवाखान्यात बाळंतिणीचा नवरा बसतो तसा.

गुरुवारी पहाटे मामानं थव्यावर दोन बार काढले. तिसरं काडतूस नळीत जायला हवं होतं. बोल्ट अर्ध्यावर थांबला. काडतुसं संपली की बोल्ट मागेच राहतो, म्हणून मामाला वाटलं, बंदूक रिकामी झाली. कच्च्या रस्त्यावर गाडीला धक्का बसला तसा बोल्ट आपसूक पुढे सरकला आणि काडतूस आत जाऊन बसलं. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. ठाण्यावर आल्यावर मामानं गाडीतच बसून बंदूक पुसली आणि पिशवीत घालण्याआधी नेहमीच्या सवयीनं चाप ओढून मोकळा केला. गाडीच्या छताला मुठीएवढं भोक पडलं. शेजारच्या सोबत्याच्या कानात अजून शिट्टी वाजत होती, बाकी कुणाला काही झालं नाही. आता चौकशी लागली होती आणि दोष बंदुकीचा की हाताचा, हे आबांनी लिहून द्यायचं होतं.

आबांनी ते शनिवारीच लिहून ठेवलं होतं. 'शस्त्रात दोष आढळला नाही. प्रकार हाताळणीतील निष्काळजीपणामुळे घडला.' फक्त सही राहिली होती.

*

"गंज मला दिसतो," आबा म्हणाले. "तो आला कुठून ते तुला दिसत नाही. ही मंडळी पावसात बंदूक भिजवतात आणि नळी वर करून गाडीत उभी करतात. पाणी उतरतं ते थेट दस्त्यात. यात बंदुकीचा काय दोष? नाचता येईना अंगण वाकडं."

"पण पाणी आत उतरतं हे आपल्याला माहीत आहे ना? मग दर वर्षी बंदूक आपल्याकडे येते तेव्हा आपण आत बघायला नको?"

थोरला खुर्चीत सरसावून बसला. वडील आणि बायको यांच्यामध्ये बोलायची वेळ आली की तो आधी घसा साफ करायचा. "हे बघ, आपण पत्रात दोष आपल्याकडे घेतला तर उद्या बाजारात काय राहील? पाटीवर काय लिहिलंय ते अख्ख्या गावाला पाठ आहे. मामा भला माणूस आहे, मान्य. पण नळीत काडतूस आहे की नाही ते बघायचं काम त्याचं होतं की नाही?"

"होतं," दारातून आवाज आला. "ती त्याची चूक. पण दुसरी."

बोलणारी धाकटी लेक होती. लहानपणापासून प्रत्येक गोष्ट घासूनपुसून बघायची सवय, म्हणून घरात तिला सगळे लोखंड घासायची 'कानस' म्हणत, लाडानं आणि रागानंही. नऊ वर्षांपूर्वी ती वर्कशॉप सोडून एका कारखान्यात गेली होती. तिथे यंत्रांचे भाग मोडेपर्यंत ताणून बघायचं काम करायची. आज ती जेवायला आली तेव्हा आबांना वाटलं, आईचा गुडघा दुखतोय म्हणून आली. आता त्यांनी सुनेकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं.

"हिला तू बोलावलंस."

"हो."

"म्हणजे कट आहे."

"दोघींचा कसला आलाय कट!" कानस म्हणाली. तिनं गंजलेली स्प्रिंग उचलून दोन बोटांत दाबली. ती दबली आणि आळसावून परत आली. "आबा, दुनळी बंदुकीत दमायला काही नसतं. आपण काडतूस घालायचं, आपण काढायचं. ही स्वतःच भरते, स्वतःच फेकते. दर बाराला ही स्प्रिंग एकदा दबते, एकदा सुटते. ही बंदूक घेतल्यापासून सहा वर्षांत वीस हजार वेळा. तुम्ही वीस हजार उठाबशा काढा आणि मग मला सांगा, दमलात की नाही."

सून खुदकन हसली.

"आणि म्हातारी?" आबा शांतपणे म्हणाले. "तिनं साठ हजार काढल्यात. दस्त्याला हात लागलेला नाही."

या वाक्यापुढे या घरात कुणाचं काही चालत नसे. नऊ वर्षांपूर्वी याच टेबलापाशी कानसनं हेच म्हटलं होतं, स्प्रिंगा किती बार झाले ते बघून बदलायला हव्यात, बिघडायची वाट बघू नये. तेव्हाही आबांनी म्हातारीकडे बोट दाखवलं होतं. चार गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली होती. कानसनं त्याच आठवड्यात कारखान्याची नोकरी धरली.

पण आज कानस खाली बघेना. आणि आबांनाही, कोण जाणे का, नुसतं बोट दाखवणं पुरेसं वाटलं नाही. कदाचित त्या चौतीस सेंटिमीटरांनी त्यांना टोचलं असेल. ते उठले, कपाटाचं कुलूप काढलं, म्हातारी बाहेर घेतली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि सुनेसमोर आडवी ठेवली.

"उघड."

"काय?"

"दस्ता उघड. माझ्यासमोर. माप घे. म्हातारीची स्प्रिंग मेलेली निघाली तर हे पत्र मी फाडतो. जिवंत निघाली तर सही करतो, आणि मग या घरात पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," कानस म्हणाली. यंत्राबद्दल तिला खात्री होती. साठ हजार वेळा दबलेलं पोलाद तिनं किती बघितलं होतं!

दाराशी खुर्चीत बसून आई बंदुकीची कॅनव्हासची पिशवी शिवत होती. दुकानातल्या सगळ्या पिशव्या तीच शिवायची. तिची सुई थांबली. कुणाचं लक्ष नव्हतं.

*

सुनेनं दस्त्यामागची रबरी पट्टी काढली, आतला लांब स्क्रू सोडवला आणि दस्ता हलकेच मागे ओढला. मागच्या नळकांड्याची खीळ बोटानं दाबून धरत तिनं स्प्रिंग बाहेर येऊ दिली.

स्प्रिंग स्वच्छ होती. अंगावर तेलाचा पातळ हात फिरवल्यासारखी चमकत होती. सुनेनं ती पट्टीला लावली, परत लावली, मग पट्टी कानसकडे सरकवली.

"साडेएकोणचाळीस."

थोरल्यानं मांडीवर थाप मारली. आबांनी रोखून धरलेला श्वास सोडला. म्हणजे त्यांनाही धाकधूक होती.

कानसनं स्प्रिंग हातात घेतली, उजेडाकडे धरली, दाबून बघितली.

"असं होऊ शकत नाही."

"समोर आहे ना?"

"आबा, खरं सांगा. ही कधी बदललीत?"

"माझ्या हातानं कधीच नाही. तुला माहीत आहे, मी खोटं बोलत नाही."

तिला माहीत होतं. आबा हट्टी होते, आपलंच घोडं दामटणारे होते, पण खोटं त्यांना जमत नसे. लायसन्सच्या कचेरीत कारकुनापुढे साधी थाप मारायची वेळ आली तरी त्यांचे कान लाल व्हायचे. आत्ता कान लाल नव्हते.

"मग माझंच चुकतंय," कानस म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्यात राग नव्हता. "तेव्हाही चुकलं असेल. इतकी वर्षं कारखान्यात जे बघते ते सगळं… कोण जाणे. करा सही, आबा. वहिनी, मी तुला उगाच भरीस घातलं."

आबांनी पत्र पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

आई आतापर्यंत मूग गिळून बसली होती, आणि आजचा दिवसही असाच निघून जाईल असं तिला वाटत होतं. मामा काही घरातला नव्हता. त्याच्यासाठी तिचा जीव तुटत होता, पण जीव तुटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं, हे तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं. पण पोरीच्या तोंडून 'माझंच चुकतंय' ऐकलं आणि तिला बसवेना.

"सही करू नका," ती म्हणाली. "ती स्प्रिंग मी घातलेली आहे."

"काय घातलंयस?" थोरल्याला कळलंच नाही.

"म्हातारीत. दोन वर्षांपूर्वी. त्याच्याआधीही, दर दोनेक वर्षांनी. असं अकरा वेळा."

आबांच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"दस्ता कसा उघडायचा ते तुला काय ठाऊक?" शेवटी ते म्हणाले. एवढ्या सगळ्यात त्यांना हेच आधी विचारावंसं वाटलं.

"अहो, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. तुमच्या शेजारी बसून पिशव्या शिवते. डोळे काही शिवून घेतले नव्हते."

"पण कधी?"

"दुपारी तुम्ही झोपता तेव्हा. पाऊण तास पुष्कळ होतो."

मग तिनं सगळं सांगितलं, थांबत थांबत, हातातल्या कॅनव्हासची घडी घालत आणि मोडत. म्हातारी घेतल्यावर चौथ्या वर्षी आबा परगावी गेले होते. एका गिऱ्हाइकाला म्हातारी चालवून बघायची होती, म्हणून ती त्याला मैदानावर घेऊन गेली. तिसऱ्या बाराला बोल्ट अर्ध्यावर थांबला. त्या माणसाला तिनं चहा प्यायला पाठवलं, घरी येऊन दस्ता उघडला. आत गंज होता. ड्रॉवरमध्ये दुसऱ्या बंदुकीसाठी मागवलेली स्प्रिंग होती, ती घातली आणि बंदूक परत त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी आबा परत आले तर तोच माणूस दुकानात सांगत होता, काय गोड चालते हो तुमची बंदूक! आणि आबा चारचौघांत म्हणाले, चार वर्षं झाली, दस्त्याला हात लावलेला नाही.

"तिथेच सांगितलं असतं तर तुमचं हसं झालं असतं. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी तुम्ही इतके खुशीत होतात. पुढच्या आठवड्यात पाटी आली. मग कसं सांगणार? एकदा राहिलेलं सांगणं दुसऱ्यांदा दुप्पट जड होतं."

"पण काढलेल्या स्प्रिंगा?" सुनेनं विचारलं. "भंगारात तर कधी दिसल्या नाहीत."

"भंगार ह्यांच्या नजरेखालून जातं. मागच्या खिडकीत आहेत. कुंड्यांत."

सून उठून आत गेली. मागच्या खिडकीतल्या कुंड्यांमध्ये वेलांना चढायला आधार म्हणून आईनं काहीबाही तारा खोचलेल्या होत्या. सगळ्यांनी त्या वर्षानुवर्षं बघितल्या होत्या, थोरला तर रोज सकाळी पाणी घालायचा. सून एक उपटून घेऊन आली. तिच्या टोकाला माती होती आणि एक हिरवा कोंब वेटोळ्यांत अडकून तुटून आला होता. तिनं ती पुसून पट्टीला लावली. पस्तीस.

*

आबांनी ती स्प्रिंग हातात घेऊन मातीचा वास घेतला. कारागिराची खोड, कुठलीही वस्तू आधी नाकाशी.

"मी गिऱ्हाइकांना सांगायचो तेव्हा तू इथेच असायचीस."

"असायचे."

"हसायचीस मनात?"

"पहिली एकदोन वर्षं. मग भीती वाटायला लागली."

"कसली?"

"कुणीतरी तुमचं ऐकेल याची."

आबांना आठवायचं नव्हतं, पण आठवायला लागलं. किती जण! शेतावर रानडुकरं हाकलणारे, मैदानावर मातीच्या थाळ्या फोडणारे, आणि पक्षी-पथकाच्या नऊ बंदुका. सगळ्यांना त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, दस्ता उघडू नका. त्यातल्या कुणाच्याही घरी स्प्रिंगा बदलणारी बायको नव्हती. बायकोचा राग यायला हवा होता, तो आलाही, पण भीतीच्या मागे रांगेत उभा राहिला.

"हे बघा," थोरला आवाज खाली आणून म्हणाला, "हे आपल्या पाच जणांत आहे. घरातलं घरात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजपासून सगळ्यांचे दस्ते उघडू, गुपचूप स्प्रिंगा बदलू. पण हे पत्र…"

"पत्राचं काय?" सुनेनं विचारलं.

"पत्र आहे तसं जाऊ दे. मामानं काडतूस बघितलं नाही, हे काही खोटं नाही."

"अहो, उद्या मामा समोर आले तर? त्यांच्या तोंडावर वाचून दाखवाल तुम्ही?"

थोरला वाईट माणूस नव्हता. दुकान बुडालं तर सगळ्यांचं काय, याची काळजी त्या घरात एकट्यानं तोच करायचा आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी बरं म्हटलेलं नव्हतं.

कानस भिंतीला टेकून उभी होती. बोलून जिंकलेल्या माणसासारखी ती अजिबात दिसत नव्हती.

बाहेर गाडी थांबली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

पथकप्रमुख आत आले आणि त्यांच्या मागून मामा. तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. दाढी वाढलेली, आणि नेहमी स्टुलावर बसणारा माणूस आज दारातच उभा राहिला.

"बसा ना, मामा," आई म्हणाली.

"नको वहिनी." मग तो आबांकडे वळला. "आबा, माझा संकोच करू नका. तुम्ही काय लिहाल ते बरोबरच असणार. मी बोल्ट मागे ओढून बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. तुमच्या हातची बंदूक अडकेल असं स्वप्नातही आलं नाही हो."

हे ऐकून आबांनी पत्र उचललं, मधोमध दोनदा फाडलं आणि चार तुकडे टेबलावर ठेवले.

"साहेब, आता तोंडी ऐका. लिहून रात्रीपर्यंत पाठवतो," ते म्हणाले. "बंदुकीत दोष होता. दस्त्यातली स्प्रिंग मेली होती, म्हणून बोल्ट अर्ध्यावर थांबला. ही बघा. ती तपासायचं काम आमचं. सहा वर्षांत आम्ही एकदाही तपासली नाही, कारण मीच मनाई केली होती. मामांनी नळी बघितली नाही, ती चूक त्यांची, तीही लिहीन. पण पहिली चूक माझी."

प्रमुखांनी दोन्ही स्प्रिंगा बघितल्या आणि मग उघडी पडलेली म्हातारी. "पण तुमची ही? मी तर सगळीकडे हिचं उदाहरण देतो. सव्वीस वर्षं…"

"हिची स्प्रिंग अकरा वेळा बदललेली आहे."

"तुम्ही तर म्हणायचात…"

"मला आजच कळलं."

"मग बदलली कुणी?"

थोरल्यानं डोळे मिटले. आबांनी खुर्चीकडे हात केला.

"हिनं. या दुकानात ज्याला कळत होतं त्याला मी कधी विचारलं नाही. हे पण लिहू का?"

प्रमुख हसले नाहीत. "ते नका लिहू," ते म्हणाले. "बाकीचं सगळं लिहा. यापुढे आमचं काम तुमच्याकडे राहील की नाही ते मी सांगू शकत नाही, ते वरचे ठरवतील. पण उरलेल्या आठ बंदुका उद्या सकाळी इथे येतील. उघडून, मापं लिहून द्या. आणि मामा," ते वळून म्हणाले, "आता तरी बसा."

मामा बसला. स्टुलावर बसल्या बसल्या त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. सगळ्यांनी बंदुकीकडे बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कुणाला समजेना.

*

गाडी गेल्यावर आबांनी थोरल्याला जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर काढायला सांगितलं. आठवतील तेवढ्या सगळ्यांचे. थोरल्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि तो कपाटाकडे गेला. सुनेला त्यांनी म्हातारी परत जोडायला सांगितली, आणि ती जोडत असताना शेजारी उभं राहून, हे आपल्याला येत नाही अशा माणसासारखं, टक लावून बघितलं.

बायकोजवळून जाताना ते थांबले. "चहा टाक," म्हणाले. मग दोन पावलं पुढे जाऊन परत आले. "नको. बस तू. तुझा गुडघा दुखतोय." आणि स्वतःच आत गेले. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी चहा केलेला आईच्या आठवणीत नव्हता. आतून डबे उघडण्या-झाकण्याचे आवाज यायला लागले, साखरेचा शोध चालला असावा. रागावलेला माणूस असं करत नाही. आईला रडू आलं, तिनं ते येऊ दिलं. ज्या क्षणाला ती बावीस वर्षं घाबरत होती तो तासाभरात उरकला होता.

कानस कोपऱ्यातल्या बेसिनपाशी साबणानं हात चोळत होती. बोटांना लागलेला काळा मळ निघत नव्हता. आई टॉवेल घेऊन तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"उद्या येशील? आबा तोंडानं विचारणार नाहीत. पण आठ बंदुका आहेत."

"येईन. सुट्टी टाकते."

"बरं झालं. वहिनीला पण…"

"आई." कानसनं नळ बंद केला, पण वळली नाही. "त्या दिवशी तू इथेच होतीस ना? मी भांडले तेव्हा? गिऱ्हाइकं हसली तेव्हा?"

"होते."

"तुला माहीत होतं मी बरोबर आहे ते. आदल्याच वर्षी तू स्प्रिंग बदलली असणार."

"त्याच वर्षी," आई म्हणाली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "महिनाभर आधी."

"आबांचं मला कधीच एवढं लागलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. मी नऊ वर्षं रोज सकाळी कारखान्यात जाताना स्वतःला विचारते, आपलं काय चुकलं होतं? आबांसारख्या माणसाला कळतं ते आपल्याला का कळत नाही? आज पण मी चुकले म्हणाले. तुझ्यासमोर."

"म्हणून तर बोलले ना मी आज."

"हो. आज."

आईला सांगायचं होतं की तिला वाटलं होतं, पोरगी तरुण आहे, शिकलेली आहे, बाहेर तिचं चांगलंच होईल, आणि म्हाताऱ्या माणसाला एवढं एकच काहीतरी आहे. हे सगळं खरं होतं. पण बोलायला गेल्यावर ते तिचं तिलाच पुरेना.

"आबांनी मनातून काढून टाकलं बघ," ती एवढंच म्हणाली. "आत चहा करतायत."

"त्यांनी टाकावंच. त्यांची बावीस वर्षं तू सुखात घालवलीस. माझी नऊ कुठे घालवलीस?"

आत कुठलातरी डबा पडला. आबांनी कुणाला न कळेल इतक्या हळू एक शिवी दिली. सून हातातलं काम सोडून आत धावली.

आईनं टॉवेल पुढे केला. कानसनं तो घेतला, एकेक बोट नीट पुसलं, आणि आईचा हात अजून पुढेच होता तरी तो परत तिच्या हातात न देता भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.